प्रेमाचे पाच प्रदेश, पाच फुलं

माधवीने प्रेमपत्र लिहिलं ते केवड्याच्या पांढऱ्या पातीवर. लेखणी होती चमेलीची कळी आणि शाई होती लाखेचा तांबडा रस. कावेरी जिथे समुद्राला मिळते त्या पुहार नगरातली, म्हणजे आजच्या पूम्पुहारमधली ही कथा. इळंगो अडिगळ याच्या ‘शिलप्पदिकारम्’ या तमिळ महाकाव्यात ती येते. इंद्रोत्सवाच्या वेळी माधवी आणि कोवलन समुद्रकिनारी गात बसलेले असतात. त्याच्या गाण्यात तिला दुसऱ्या स्त्रीची चाहूल लागते, म्हणून तीही तसंच एक गाणं म्हणते. कोवलन उठतो आणि निघून जातो. पुढे वसंत येतो, विरह सोसवेनासा होतो आणि माधवी फुलांनी फुलावर लिहिलेलं ते पत्र वसंतमाला या सखीच्या हाती देते. कोवलन ते हातातही घेत नाही.

आता एकदम १९१५ सालच्या रशियात, वितेब्स्क गावात यायचं. मार्क शागाल या तरुण चित्रकाराचा वाढदिवस ७ जुलैला असतो. त्याची वाग्दत्त वधू बेला रोझेनफेल्ड फुलं घेऊन त्याच्या खोलीवर येते. दोघांचं लग्न त्याच महिन्यात व्हायचं असतं. शागालने त्या दिवसाचं जे चित्र काढलं, त्याचं नाव ‘वाढदिवस’. बेला काळ्या पोशाखात, हातात पुष्पगुच्छ घेऊन उभी आहे. शागाल मात्र जमिनीवर नाहीच. तो हवेत आडवा तरंगतो आहे आणि मान अशक्य वाटेल इतकी मागे वळवून तिचं चुंबन घेतो आहे. खोलीतल्या बाकीच्या वस्तू जागच्या जागी आहेत. उडाली आहेत ती फक्त प्रेमातली माणसं.

या दोन कृतींचा परस्परांशी कसलाही ऐतिहासिक संबंध नाही. शागालने माधवीचं नाव ऐकलं असण्याचं कारण नाही. तरी दोन्हीकडे फुलावर सोपवलेलं काम एकच आहे. फूल शोभेसाठी ठेवलेलं नाही. प्रेम या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे, हे त्यातून कळतं. स्वप्नवत आधुनिक चित्रांसमोर उभा राहिलेला सामान्य प्रेक्षक पुष्कळदा गोंधळतो. माणसं का उडतात, फुलं घरांपेक्षा मोठी का होतात, चंद्र खिडकीत का येऊन बसतो, हे त्याला उमगत नाही. अशा वेळी मदतीला येईल अशी एक वाचनपद्धती कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला दोन हजार वर्षांपासून माहीत आहे. तंजावरच्या परिसरात ती आधी कवितेत रुजली, मग भिंतींवर, नाटकांत, साप्ताहिकांच्या पानांवर निरनिराळ्या रूपांत दिसत राहिली.

फुलांच्या नावाचे प्रदेश

प्राचीन तमिळ संघम कवितेत प्रेमाच्या कवितेला ‘अकम्’ म्हणतात, म्हणजे आतलं जग. तोल्काप्पियम् या व्याकरणग्रंथाने तिची शिस्त सांगितली आहे. प्रेमाच्या पाच अवस्था आणि त्यांना जोडलेले पाच भूप्रदेश, प्रत्येक प्रदेशाला एका फुलाचं किंवा फुलणाऱ्या झाडाचं नाव.

कुरिंजी म्हणजे डोंगर आणि मध्यरात्र. तिथे प्रेमिकांचं चोरून मीलन होतं. निळ्याजांभळ्या कुरिंजीची एक जात बारा वर्षांतून एकदा फुलते. सह्याद्रीत सात वर्षांनी फुलणारी आपली कारवी याच कुळातली, त्यामुळे मराठी वाचकाला हे फूल परकं वाटायला नको. मुल्लै म्हणजे रानातली जाई-जुई, पावसाळी संध्याकाळ आणि परतणाऱ्या माणसाची धीराने पाहिलेली वाट. नेय्दल हे खाडीकाठचं निळं कमळ. त्याच्या किनाऱ्यावर विरहाची घालमेल चालते. पालै हा भर दुपारचा रखरखीत प्रदेश, ताटातुटीचा. आणि पाचवा प्रदेश मरुदम्: नदीकाठची भातशेती, कमळांची तळी, पहाटेची वेळ.

मरुदम् म्हणजेच तंजावर, कुंभकोणम, तिरुवारूर, मयिलाडुदुरैभोवतीची गावं. तिथली प्रेमाची अवस्था कोणती? रुसवा. नवरा गणिकेकडे जाऊन पहाटे घरी परततो आणि बायको दार अडवून उभी राहते. सुपीक जमीन, भरलेली कोठारं, हाताशी वेळ, आणि त्यातून आलेला बेइमानपणा. कवींनी या सगळ्याचा संबंध ओळखला होता. ते नवऱ्याला थेट बोल लावत नाहीत. कुंपण मोडून तळ्यात शिरलेली आणि कमळं तुडवून आलेली एखादी म्हैस कवितेत येते, आणि ऐकणाऱ्याला काय ते कळतं. या सूचक रीतीला ‘उळ्ळुरै’ म्हणतात.

मरुदम् हे झाड नेमकं कोणतं, याबद्दल दोन मतं आहेत. काही जण अर्जुनाचं झाड म्हणतात. काही अभ्यासक ते ताम्हण मानतात, म्हणजे महाराष्ट्राचं राज्यफूल. कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूर गावाच्या नावात हे झाड आहे आणि तिथल्या महालिंगस्वामी मंदिराचा तो स्थलवृक्षही आहे.

ही रीत फक्त तमिळांची आहे असंही नाही. हाल सातवाहनाच्या नावाने ओळखली जाणारी ‘गाहासत्तसई’ महाराष्ट्री प्राकृतात आहे. गोदावरीच्या काठची खेडी, मोहाची फुलं, शेतातली गुप्त भेटीची जागा यांतून प्रेम सुचवण्याचा तिचा ढंग संघम कवितेच्या फार जवळचा आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. एकेकाळी गोदा आणि कावेरी या दोन्ही नद्यांच्या काठी प्रेम वाचायचं ते झाडाफुलांवरून.

१९६७ मध्ये ए. के. रामानुजन यांनी या प्रेमकवितांचे इंग्रजी अनुवाद ‘द इंटीरियर लँडस्केप’ या नावाने प्रसिद्ध केले. बाहेरचा निसर्ग हाच आतल्या मनाचा नकाशा, ही कल्पना त्यामुळे जगभर पोचली. स्वप्नवत चित्रं काढणारे चित्रकार रंगांनी नेमकं तेच करत असतात.

मोठ्या देवळातली तरंगणारी माणसं

तंजावरचं बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने बांधलं. ते १०१० च्या सुमारास पूर्ण झालं. गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात नायककाळातल्या रंगांच्या थराखाली मूळ चोळकालीन भित्तिचित्रं दडलेली आहेत, हे १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांच्या ध्यानात आलं. त्यांतली एक मोठी भिंत सुंदरर या शैव संताच्या चरित्राची आहे.

सुंदररचं चरित्र म्हणजे भक्ती आणि प्रेम यांची अजब गुंफण. तिरुवारूरची परवै ही त्याची पहिली पत्नी. पुढे तिरुवोट्रियूरला, म्हणजे आजच्या चेन्नईच्या उत्तरेला, देवासाठी फुलांच्या माळा गुंफणारी संगिली त्याच्या नजरेस पडली आणि तो प्रेमात पडला. शिवाने संगिलीच्या स्वप्नात जाऊन लग्न जुळवलं. तिला सोडून जाणार नाही, ही शपथ सुंदररने बकुळीच्या झाडाखाली घेतली आणि पुढे मोडलीही. परत आला तेव्हा परवै रुसून बसलेली. तिची समजूत काढायला मध्यरात्री स्वतः शिव तिरुवारूरच्या रस्त्यावरून निरोप्या म्हणून गेला, तोही दोनदा. मरुदम् प्रदेशातला रुसवा असा की देवालाही दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

मंदिरातल्या चित्रात ही प्रेमकथा नाही. तिथे लग्नाच्या दिवशी वृद्ध ब्राह्मणाच्या रूपात येऊन विवाह थांबवणारा शिव आहे, आणि शेवटी पांढऱ्या हत्तीवरून कैलासाला निघालेला सुंदरर आहे. सोबत घोड्यावर त्याचा मित्र चेरमान पेरुमाळ आणि वर आकाशात गंधर्व, अप्सरा. वजन नसल्यासारखी ही माणसं रेषेच्या एका वळणावर तोललेली आहेत. वितेब्स्कच्या छपरांवरून उडणारी शागालची जोडपी ज्यांना पटत नाहीत, त्यांनी या भिंतीची छायाचित्रं जरूर पाहावीत. भारतीय डोळ्याला उडणारा माणूस हजार वर्षांपासून ओळखीचा आहे. फरक एवढाच की इथे माणूस देवाच्या कृपेने उडतो आणि शागालकडे बेलाच्या येण्याने.

भोसल्यांच्या दरबारात राधेचा रुसवा

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं, आणि १८५५ पर्यंत ही गादी मराठी राजघराण्याकडे राहिली. राज्य लहान, तेही पुढे कंपनी सरकारच्या छायेतलं. पण या दरबाराने कलेला जो जीव लावला त्याला तोड नाही. व्यंकोजींनंतर १६८४ मध्ये गादीवर आलेल्या शहाजीराजांनी तेलुगू, तमिळ, संस्कृत आणि मराठीतही नाटकं रचली. मराठी नाटकाचा इतिहास सांगताना तंजावरपासून सुरुवात करणारे अभ्यासक आहेत ते यामुळेच.

या दरबारात ‘कुरवंजी’ हा नृत्यनाट्याचा प्रकार बहरला. देवाची किंवा राजाची मिरवणूक जाते, खेळात रमलेली नायिका त्याला पाहते आणि प्रेमात पडते. मग चांदणं पोळतं, वारा सोसत नाही. शेवटी डोंगरातून आलेली कुरत्ती, म्हणजे भविष्य सांगणारी स्त्री, हात बघून मीलनाचं भाकीत करते. दुसऱ्या सरफोजीराजांवर रचलेली ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ बृहदीश्वर मंदिरात सादर होत असे. कुरत्ती येते ती कुरिंजीच्या डोंगरातून, आणि नायिका राहते सपाट भातखाचरांच्या मुलखात. मीलनाची बातमी मीलनाच्या प्रदेशातूनच यावी, हा जुना संकेत कवींनी इथेही सांभाळला.

प्रतापसिंह महाराजांच्या काळात (१७३९–१७६३) मुद्दुपळनी ही दरबारातली गणिका आणि कवयित्री होऊन गेली. तिने तेलुगूत ‘राधिका सांत्वनमु’ लिहिलं. कृष्णाने दुसरा संसार मांडल्यावर दुखावलेली राधा आणि तिची मनधरणी करणारा कृष्ण, हा त्याचा विषय. पुरुषाने स्त्रीच्या इच्छेपुढे झुकावं, हे त्यात निःसंकोच मांडलेलं आहे. बंगळूर नागरत्नम्मा यांनी १९१० मध्ये हे काव्य पुन्हा छापलं. १९११ मध्ये ब्रिटिश सरकारने अश्लील ठरवून ते जप्त केलं आणि स्वातंत्र्यानंतर ते वाचकांना परत मिळालं. याच नागरत्नम्मांनी तिरुवैयारूला कावेरीकाठी संत त्यागराजांची समाधी बांधली. एका स्त्रीने एकाच आयुष्यात भक्तीचं स्मारकही उभारावं आणि शृंगाराचं काव्यही वाचवावं, हे तंजावरच्या स्वभावाला धरून आहे.

तंजावर शैलीची सोनेरी चित्रं याच मराठी अमदानीत भरभराटीला आली. फणसाच्या लाकडी फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर खडूची भुकटी आणि सरस यांचा लेप द्यायचा, दागिने, कमानी, हार यांच्या जागी लेपाचे उठाव करायचे, वर सोन्याचा वर्ख आणि काचेचे तुकडे बसवायचे, शेवटी रंग. तमिळमध्ये या चित्रांना ‘पलगै पडम्’ म्हणतात, म्हणजे फळीवरचं चित्र. कृष्ण हा इथला लाडका विषय. गुटगुटीत बाळकृष्ण आसनावर बसलेला असतो आणि शेजारच्या मोठ्या वयाच्या स्त्रिया त्याच्यापुढे लहान दिसतात. सावली नाही, खोली नाही, काळ कोणता ते कळत नाही. जो मनात मोठा तो चित्रातही मोठा. आधुनिक चित्रकाराने घराच्या छपराएवढा गुलाब रंगवला तर त्यामागे हीच दृष्टी असते.

साप्ताहिकातून गावात

देवळातली चित्रं अंधारात आणि दरबारातली वाड्यात राहिली. खेड्यातल्या माणसाच्या हातात प्रेम आणि फुलं एकत्र आणून दिली ती विसाव्या शतकातल्या साप्ताहिकांनी. ‘पोन्नियिन सेल्वन’ लिहिणारे कल्की कृष्णमूर्ती मूळचे मयिलाडुदुरैजवळच्या पुत्तमंगलमचे. चोळांवरची ही कादंबरी १९५० पासून ‘कल्की’ साप्ताहिकात क्रमशः आली आणि मणियम यांनी तिची चित्रं काढली. कादंबरी सुरू होते ती आडिप्पेरुक्कूच्या दिवशी, नदीला नवं पाणी येण्याच्या सणाला. कोडिक्करैची नावाडीण पूंगुळली, राजकन्या कुंदवै, त्यांचे केशसंभार आणि त्यांतली फुलं वाचकांनी आधी मणियम यांच्या रेषांत पाहिली, सिनेमात पुष्कळ नंतर.

गोपुलू (१९२४–२०१५) जन्माने तंजावरचे आणि शिक्षणाने कुंभकोणमच्या कलाशाळेचे. ‘आनंद विकटन’मध्ये कोत्तमंगलम सुब्बू यांची ‘तिल्लाना मोहनांबाळ’ ही कादंबरी आली, तेव्हा तिची चित्रं त्यांनी केली. सिक्कलचा नागस्वरवादक आणि तिरुवारूरची नर्तकी यांची ही प्रेमकथा. म्हणजे पुन्हा तोच प्रदेश, तोच अहंकार, तोच रुसवा. १९६८ मध्ये शिवाजी गणेशन आणि पद्मिनी यांनी ही कथा पडद्यावर नेली.

मराठी वाचकाने इथे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांची आठवण काढावी. दोघेही गोमंतकीय. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरच्या त्यांच्या स्त्रिया, त्यांचे गजरे आणि स्वप्नाळू डोळे घराघरांत पोचले. समीक्षकांनी या चित्रांना बराच काळ ‘व्यावसायिक’ म्हणून बाजूला ठेवलं. पण दोन्ही भाषांतल्या लाखो वाचकांची प्रेमचित्रांची पहिली ओळख याच पानांवर झाली, आणि म्हणून त्यांना कलेच्या इतिहासात हक्काची जागा मिळायला हवी.

चोळमंडलातले स्वप्नाळू

मद्रासच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर यांनी १९६६ मध्ये शहराबाहेर इंजंबाक्कमला समुद्रकाठी चित्रकारांचं गाव वसवलं. नाव ठेवलं चोळमंडल, कावेरीकाठच्या चोळ राज्यावरून. बाटिक आणि हस्तकलेच्या वस्तू विकून कलाकारांनी जमिनीचे पैसे उभे केले.

या गावात के. रामानुजम राहत असे. वर उल्लेख आलेले कवी-अनुवादक रामानुजन वेगळे. हा चित्रकार बोलताना अडखळायचा, मानसिक आजाराशी झुंजायचा आणि १९७३ मध्ये, ऐन तिशीत, त्याने स्वतःच आयुष्य संपवलं. त्याच्या शाईच्या रेखाटनांत महाल, कमानी, वेली, पंख असलेले प्राणी, रथ आणि देखण्या स्त्रिया दाटीवाटीने येतात. त्या गर्दीत हॅट घातलेला एक माणूस हमखास दिसतो. तो रामानुजम स्वतः. प्रत्यक्षात एकाकी असलेला हा माणूस चित्रात सन्मानाने मिरवतो, त्याच्या स्वागताला सगळं नगर सजलेलं असतं. पाच प्रदेशांच्या भाषेत ही मुल्लैची चित्रं आहेत, वाट पाहण्याची. फरक असा की मुल्लैच्या कवितेत परतणाऱ्या माणसाचा रथ खरोखर दाराशी येतो. रामानुजमने तो रथ आयुष्यभर शाईने काढला.

एस. जी. वासुदेव यांचा जन्म १९४१ चा, मैसूरचा. चोळमंडलाच्या संस्थापक कलाकारांत ते आहेत. त्यांच्या पत्नी अर्नवाझ याही चित्रकार होत्या. १९८८ मध्ये त्या गेल्या. ‘मैथुन’ या मालिकेत वासुदेव यांची स्त्री-पुरुषांची शरीरं एकमेकांत अशी मिसळतात की कुणाचा हात कुठे संपतो ते सांगता येत नाही. पुढच्या ‘वृक्ष’ मालिकेत झाडच प्रेमाचं घर होतं. फांद्या, पानं, फुलं, पक्षी आणि माणसं एका रंगपोतात विणली जातात. या झाडामागे कन्नड कविता आहे, विशेषतः द. रा. बेंद्रे यांची. बेंद्रे धारवाडचे, घरची भाषा मराठी. वासुदेव यांनी पुढे ए. के. रामानुजन यांच्या कवितांवरही रेखाटनं केली. त्यामुळे संघम कवितेचा अनुवादक, मराठी घरातला कन्नड कवी आणि मद्रासच्या समुद्रकाठचा चित्रकार हे एका झाडाखाली येतात. ही भेट कुठल्याही संस्थेने घडवून आणलेली नाही. वाचनातून आपोआप जमून आलेली आहे.

शागाल, पुन्हा एकदा

आता हे पाच प्रदेश मनात ठेवून शागालकडे पाहता येतं. ‘वाढदिवस’ हे कुरिंजीचं चित्र: लग्नाआधीची भेट, बंद खोली, मीलन. १९२० च्या दशकात शागाल फ्रान्समध्ये स्थिरावला आणि त्याच्या चित्रांत फुलांना पूर आला. १९३० च्या ‘लायलॅकमधले प्रेमिक’ या चित्रात फुलदाणीतला गुच्छ एवढा प्रचंड आहे की जोडपं त्याच्या आत पहुडलं आहे, आणि मागे नदी आणि चंद्र. इथे फुलं म्हणजेच प्रदेश झाली आहेत. प्रेमिकांना राहायला वेगळी जमीन लागत नाही.

नाझींच्या भीतीने हे कुटुंब अमेरिकेला गेलं. तिथे सप्टेंबर १९४४ मध्ये बेला आजारपणात वारली. शागालने कित्येक महिने ब्रश हातात धरला नाही. लंडनच्या टेट संग्रहालयात त्याचं ‘पुष्पगुच्छ आणि उडणारे प्रेमिक’ नावाचं चित्र आहे. १९३४ च्या सुमारास सुरू केलेलं हे चित्र त्याने १९४७ पर्यंत पुन्हा पुन्हा हाताळलं. बेला असताना आरंभलेला गुच्छ ती गेल्यावर आठवणीचा झाला. तीच फुलं, पण प्रदेश बदलला: कुरिंजीतून पालैत. चित्राखालचं वर्ष वाचल्याशिवाय हा प्रवास कळत नाही, म्हणून संग्रहालयात चित्राइतकीच शेजारची पाटीही लक्षपूर्वक वाचावी.

१९२४ मध्ये आंद्रे ब्रेताँने अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. स्वप्नाला चित्रकलेत मानाचं स्थान मिळालं ते त्या चळवळीमुळे. शागाल तिच्यात सामील झाला नाही. आपली चित्रं कल्पनेचे खेळ नाहीत, आपण मनात खरोखर घडतं तेच रंगवतो, असा त्याचा आग्रह होता. त्याच काळात बेल्जियमच्या रेने मॅग्रितने १९२८ मध्ये ‘प्रेमिक’ नावाचं चित्र काढलं. दोघं चुंबन घेताहेत, पण दोघांचेही चेहरे पांढऱ्या कापडात गुंडाळलेले. इथे एकही फूल नाही. इतकं जवळ येऊनही एकमेकांना न दिसणारी ही माणसं पाहिली की मरुदम् प्रदेशातलं ते अडवलेलं दार आठवतं. चित्रकाराने फुलं कधी वगळली आहेत, हे पाहणंही या वाचनाचाच भाग आहे.

कुंभकोणमची मुलं

कुंभकोणमच्या सरकारी ललित कला महाविद्यालयातून आजही खेड्यापाड्यांतली मुलं शिकून बाहेर पडतात. चित्रकार एस. इळैयराजा त्यांतलाच, संगीतकार इळैयराजा वेगळे. कुंभकोणमजवळच्या खेड्यात १९७९ मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराने आपल्या भागातल्या सावळ्या स्त्रिया, मुली, स्वयंपाकघरं, उंबरे आणि कौलांतून येणारं ऊन इतक्या बारकाईने रंगवलं की लोक छायाचित्र समजून फसत. ‘आनंद विकटन’मधल्या त्याच्या चित्रांनी तो घराघरांत पोचला. जून २०२१ मध्ये करोनाने त्याचा बळी घेतला. त्याच्या चित्रांत कुणी उडत नाही. तरीही केसांत फुलं माळून दाराशी थांबलेली त्याची स्त्री पाहताना, ती कुणाची वाट पाहते आहे, हा प्रश्न प्रेक्षक स्वतःला विचारतोच. गोऱ्या नायिकांची सवय झालेल्या कॅलेंडरी चित्रांच्या देशात त्याने शेतात राबणाऱ्या काळ्या त्वचेला प्रेमाचा विषय केलं. त्याचं हे काम फार मोलाचं आहे.

त्या स्त्रिया माळतात ती फुलं मराठी घरांतलीच आहेत. मोगरा, जाई, अबोली, निशिगंध, दवणा. वेगवेगळी फुलं आणि सुवासिक पानं एकत्र गुंफून केलेला ‘कदंबम्’ हा तंजावरचा खास गजरा. आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, साधारण २ किंवा ३ ऑगस्टला, आडिप्पेरुक्कू येतो. तेव्हा तिरुवैयारू, मयिलाडुदुरै अशा ठिकाणी नदीच्या घाटांवर बायका फुलं, फळं, हळदकुंकू घेऊन जमतात. त्या वर्षी लग्न झालेली जोडपी जपून ठेवलेले लग्नातले हार कावेरीत सोडतात. मेट्टूरच्या धरणातून जूनमध्ये पाणी सुटलं असेल तर नदी भरलेली असते; उशीर झाला तर पात्रातल्या उरल्यासुरल्या पाण्यावर सण साजरा होतो. त्रिभुज प्रदेशातली शेती आणि त्यावरचं जगणं किती नाजूक झालं आहे, हे त्या दिवशी घाटावर कळतं.

ही चित्रं प्रत्यक्ष पाहायची असतील तर तंजावरला किमान दोन दिवस हाताशी ठेवावेत. राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय आहे. तिथे भोसल्यांच्या संग्रहातली मराठी हस्तलिखितं आणि चित्रं मांडलेली आहेत. बृहदीश्वर मंदिरातला भित्तिचित्रांचा आतला मार्ग सर्वसामान्यांसाठी खुला नसतो, त्यामुळे सुंदररच्या भिंतीसाठी छायाचित्रांवर भागवावं लागतं. सोनेरी फळ्या बनवणाऱ्या कारागिरांच्या कार्यशाळा गावात आहेत आणि खडूचा लेप चढवण्यापासूनचं काम तिथे पाहायला मिळतं. चेन्नईला परतताना इंजंबाक्कमला उतरावं. चोळमंडलात २००९ पासून मद्रास कलाचळवळीचं संग्रहालय आहे, आणि पणिक्कर यांच्या पिढीचं काम तिथे एकत्र बघता येतं. जाण्याआधी संघम कवितेचा एखादा अनुवाद आणि गाहासत्तसईची एखादी मराठी आवृत्ती वाचून गेलं, तर त्या चित्रांतल्या वेली आणि पाकळ्या पुष्कळ अधिक बोलू लागतील.